फलशर्करेची क्षपणकारकता आणि गुळाची प्रत

कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत गूळ तयार करणे हा ऊस उत्पादकांचा जुना व्यवसाय आहे. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. गुळाला बाजारात मिळणारा भाव त्याचा रंग, कठीणपणा, दाणेदारपणा आणि टिकाऊपणा यांवर ठरतो. या चारही गुणांशी निगडित असलेला एक आकडा प्रयोगशाळेच्या अहवालात असतो. तो म्हणजे क्षपणकारक शर्करेचे प्रमाण. काही अहवालांत त्याला रिड्यूसिंग शुगर, तर काही ठिकाणी इन्व्हर्ट साखर असे म्हटलेले असते. उत्तम प्रतीच्या गुळात उसाची मूळ साखर ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक आणि क्षपणकारक शर्करा १० टक्क्यांच्या आत असावी, अशी अपेक्षा असते.

क्षपणकारक शर्करा वाढली की ढेप मऊ पडते, पावसाळ्यात तिला पाणी सुटते आणि रंग काळपट होतो. हे अनुभवाने सर्वांना माहीत आहे. परंतु या शर्करेला 'क्षपणकारक' का म्हणतात, आणि तिच्यातील निम्मा भाग असलेली फलशर्करा या कसोटीला कशी उतरते, हे समजून घेतले तर गुऱ्हाळघरातील बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. विशेषतः रसात चुन्याची निवळी किती घालावी या प्रश्नाचे उत्तर याच रसायनात दडलेले आहे. म्हणून या लेखात प्रथम कसोटी, नंतर तिचे कारण आणि शेवटी गुऱ्हाळातील उपयोग असा क्रम घेतला आहे.

उसाच्या रसातील तीन साखरा

उसाच्या रसात मुख्यतः तीन साखरा असतात. पहिली ऊसशर्करा म्हणजे सुक्रोज. आपण चहात घालतो ती पांढरी साखर हीच. दुसरी द्राक्षशर्करा म्हणजे ग्लुकोज आणि तिसरी फलशर्करा म्हणजे फ्रुक्टोज. पक्व उसात सुक्रोजचा वाटा फार मोठा असतो व इतर दोन साखरा थोड्या असतात. कोवळ्या उसात, वाढ्याजवळच्या कांड्यांत, तसेच तोडून बराच काळ पडलेल्या उसात या दोन साखरांचे प्रमाण वाढलेले असते.

ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे रासायनिक सूत्र एकच आहे. दोहोंच्या रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. फरक आहे तो मांडणीत. सहा कार्बन अणूंची एक साखळी आहे असे समजावे. ग्लुकोजमध्ये साखळीच्या टोकाच्या, म्हणजे पहिल्या कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला असतो. अशा टोकाच्या गटाला अल्डिहाइड म्हणतात. फ्रुक्टोजमध्ये हाच दुहेरी बंधाचा ऑक्सिजन दुसऱ्या कार्बनवर, म्हणजे साखळीच्या आत असतो. त्याला कीटोन गट म्हणतात. म्हणून ग्लुकोज ही अल्डिहाइड शर्करा आणि फ्रुक्टोज ही कीटोन शर्करा होय.

मोरचुदाची कसोटी

क्षपणकारक शर्करा ओळखण्यासाठी फेहलिंगचे द्रावण वापरतात. एकोणिसाव्या शतकातील जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मन फॉन फेहलिंग यांच्या नावाने ते ओळखले जाते. त्यातील मुख्य घटक शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. तो म्हणजे मोरचूद. द्राक्ष, सुपारी किंवा संत्र्यावर फवारण्यासाठी आपण मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण करतो. त्यात मोरचुदातील तांबे चुन्यामुळे निळ्या साक्याच्या रूपाने वेगळे होते. फेहलिंगच्या द्रावणात चुन्याऐवजी कॉस्टिक सोडा असतो आणि तांबे खाली बसू नये म्हणून सोडियम पोटॅशियम टार्ट्रेट हा क्षार घालतात. त्यामुळे तांबे विरघळलेले राहून द्रावण गडद निळे व नितळ दिसते.

या निळ्या द्रावणात ग्लुकोज घालून उकळले की निळा रंग जातो आणि विटकरी लाल साका तळाशी बसतो. याचे कारण असे की ग्लुकोज आपल्याकडील इलेक्ट्रॉन तांब्याला देते. इलेक्ट्रॉन मिळालेले तांबे क्यूप्रस ऑक्साइडच्या लाल रूपात बाहेर पडते. तांब्याचे क्षपण झाले, म्हणून ते घडवून आणणारी साखर क्षपणकारक. त्याच वेळी साखरेचे स्वतःचे ऑक्सिडीकरण होते.

अल्डिहाइड गटाचे ऑक्सिडीकरण सहज होते. साध्या कीटोनचे मात्र तसे होत नाही. नखांचा रंग काढण्यासाठी वापरतात ते अॅसिटोन हे एक साधे कीटोन आहे. फेहलिंगच्या द्रावणात ते लाल साका देत नाही. मग फ्रुक्टोज ही कीटोन शर्करा असताना ती ग्लुकोजप्रमाणेच लाल साका कशी देते? कृषि पदविकेच्या विद्यार्थ्यांना हमखास पडणारा हा प्रश्न आहे, आणि पाठांतराने तो सुटत नाही.

विम्ल द्रावणात होणारा पालट

या प्रश्नाची उकल दोन गोष्टींत आहे. पहिली, फ्रुक्टोजमधील कीटोन गटाचा शेजार. दुसरी, फेहलिंगच्या द्रावणाचा विम्ल स्वभाव.

फ्रुक्टोजमध्ये दुसऱ्या कार्बनवर कीटोन गट आहे आणि त्याच्या शेजारच्या पहिल्या कार्बनवर ऑक्सिजन व हायड्रोजन मिळून झालेला हायड्रॉक्सिल गट आहे. अॅसिटोनमध्ये असा शेजारी नाही. विम्ल द्रावणात या पहिल्या कार्बनवरील एक हायड्रोजन सुटतो. तो सुटला की पहिल्या व दुसऱ्या कार्बनमध्ये दुहेरी बंध तयार होतो आणि दोन्ही कार्बनवर एकेक हायड्रॉक्सिल गट राहतो. या मधल्या रूपाला एनडायॉल म्हणतात. ते फार अस्थिर असते आणि इलेक्ट्रॉन देण्यास तत्पर असते.

या एनडायॉलला पुढे वाटा फुटतात. सुटलेला हायड्रोजन पुन्हा पहिल्या कार्बनवर आला तर फ्रुक्टोज परत मिळते. तो दुसऱ्या कार्बनवर बसला तर दुहेरी बंधाचा ऑक्सिजन टोकाच्या कार्बनवर जातो, म्हणजे कीटोनचे अल्डिहाइड होते. हायड्रोजन कोणत्या बाजूने बसला यावर त्यापासून ग्लुकोज किंवा मॅनोज ही साखर तयार होते. तिसरी वाट अशी की एनडायॉल कशाचीही वाट न पाहता आपले इलेक्ट्रॉन थेट तांब्याला देते. यांपैकी कोणत्याही वाटेने गेले तरी तांब्याचे क्षपण होते आणि लाल साका दिसतो.

तेव्हा लक्षात ठेवावयाचे ते असे. फ्रुक्टोजमधील कीटोन गट आहे तसाच राहून क्षपण करीत नाही. विम्ल द्रावण आणि उष्णता त्याचे रूप पालटतात आणि ते पालटलेले रूप क्षपण करते. विम्लात साखरांचे होणारे हे परस्पर रूपांतर लोब्री द ब्रुइन आणि अल्बेर्डा फान एकेनस्टाइन या डच शास्त्रज्ञांनी १८९५ साली मांडले. त्यांच्याच नावाने ते आजही ओळखले जाते.

हे कशावरून ठरले?

ब्रोमीनचे पाणी हे सौम्य ऑक्सिडीकारक आहे आणि ते विम्ल नसते. त्यात ग्लुकोज घातले तर ब्रोमीनचा तांबूस रंग हळूहळू जातो, कारण अल्डिहाइड गटाचे ऑक्सिडीकरण होते. फ्रुक्टोज घातले तर रंग तसाच राहतो. म्हणजे विम्ल नसेल तेथे फ्रुक्टोज कीटोनसारखीच वागते. फेहलिंगच्या विम्ल द्रावणात मात्र ती ग्लुकोजच्या पंक्तीला बसते. या दोन कसोट्या शेजारी ठेवल्या की विम्लाचे कार्य स्पष्ट होते.

फ्रुक्टोज वेगळी ओळखावयाची असेल तर सेलिवानॉफची कसोटी आहे. तीत रिसॉर्सिनॉल आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. कीटोन शर्करा थोड्याच वेळात चेरीसारखा लाल रंग देते, ग्लुकोजला फार वेळ लागतो. आम्लामुळे सुक्रोज फुटून तीतील फ्रुक्टोज मोकळी होते, म्हणून सुक्रोजही या कसोटीत रंग देते, हे ध्यानात ठेवावे.

पांढरी साखर कसोटीला का उतरत नाही?

सुक्रोजच्या रेणूत एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज जोडलेली असते. मग तिने तर दुप्पट क्षपण करावयास हवे. परंतु तसे होत नाही. ग्लुकोजचा पहिला कार्बन आणि फ्रुक्टोजचा दुसरा कार्बन, म्हणजे दोघींचे कार्यक्षम भाग, एकमेकांत गुंतवूनच हा जोड झालेला असतो. दोन माणसांनी एकमेकांचे उजवे हात घट्ट धरावेत आणि कोणालाच काम करता येऊ नये, तसा हा प्रकार आहे.

सुट्या ग्लुकोज व फ्रुक्टोजचे रेणूही पाण्यात बहुतांशी कड्याच्या रूपात मिटलेले असतात. पण ती कडी उघडू शकतात. थोडे रेणू उघडतात, ते वापरले गेले की आणखी उघडतात. सुक्रोजची जोडलेली कडी अशी उघडत नाहीत, म्हणून ती क्षपणकारक नाही.

आम्ल, उष्णता किंवा उसातील इन्व्हर्टेज हे विकर यांमुळे हा जोड तुटतो. त्यासाठी पाण्याचा एक रेणू खर्च होतो. वजनाने पाहिले तर ३४२ ग्रॅम सुक्रोज आणि १८ ग्रॅम पाणी यांपासून १८० ग्रॅम ग्लुकोज व १८० ग्रॅम फ्रुक्टोज मिळते. या फुटीलाच साखरेचे इन्व्हर्शन म्हणतात. रसात क्षपणकारक शर्करा वाढली याचा बहुधा अर्थ असा की आपली मोलाची सुक्रोज फुटली.

विद्यालयात करून पाहण्याचा प्रयोग

पाच परीक्षानळ्या घ्याव्यात. पहिलीत ग्लुकोज, दुसरीत फ्रुक्टोज, तिसरीत पांढरी साखर यांचे पातळ द्रावण घ्यावे. चौथीसाठी साखरेच्या द्रावणात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब घालून ते पाच मिनिटे उकळावे आणि थंड झाल्यावर फेस येणे थांबेपर्यंत खाण्याचा सोडा घालावा. आम्ल तसेच राहिले तर ते फेहलिंगमधील कॉस्टिक सोडा खाऊन टाकते व कसोटी फसते. पाचवीत नुसते पाणी घ्यावे. प्रत्येक नळीत फेहलिंगची अ व ब ही दोन्ही द्रावणे सारख्या प्रमाणात मिसळून घालावीत आणि नळ्या उकळत्या पाण्यात काही मिनिटे ठेवाव्यात.

पहिली, दुसरी व चौथी नळी विटकरी लाल होते. तिसरी व पाचवी निळी राहते. फ्रुक्टोजऐवजी मध वापरला तरी लाल रंग येईल, पण मधात सुमारे ३८ टक्के फ्रुक्टोजबरोबर सुमारे ३१ टक्के ग्लुकोजही असते, त्यामुळे फ्रुक्टोजविषयी काही सिद्ध होत नाही. द्रावणात कॉस्टिक सोडा असल्याने डोळे व हात सांभाळावेत आणि प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा.

काहिलीत घडते तेच रसायन

आता गुऱ्हाळघराकडे वळू. उसाचा ताजा रस किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारण ५.२ ते ५.४ असतो. असा रस काहिलीत तसाच उकळत ठेवला तर आम्ल आणि उष्णता यांमुळे सुक्रोज फुटते, क्षपणकारक शर्करा वाढते आणि गूळ नरम होतो. फ्रुक्टोज हवेतील ओलावा फार ओढते, म्हणून असा गूळ पावसाळ्यात पाझरतो. हे टाळण्यासाठी रसात चुन्याची निवळी घालतात. चुन्यामुळे आम्लता कमी होते आणि मळी वेगळी होण्यासही मदत होते.

परंतु 'थोडा चुना चांगला तर जास्त चुना अधिक चांगला' असे समजून निवळी ओतली तर रस विम्लधर्मी होतो. तापलेला विम्लधर्मी रस म्हणजे फेहलिंगच्या परीक्षानळीतील परिस्थितीच होय, फक्त तेथे मोरचूद नसते. ग्लुकोज व फ्रुक्टोज दोन्ही एनडायॉलच्या रूपात जातात. इलेक्ट्रॉन घ्यायला तांबे नसल्याने हे अस्थिर रूप पुढे मोडते. त्यापासून आम्ले आणि तपकिरी काळपट रंगद्रव्ये तयार होतात. चुना जास्त झाला की गूळ काळा का पडतो, याचे हे एक मुख्य कारण. परीक्षानळीत जो पालट लाल साका दाखवतो, तोच काहिलीत ढेपेचा रंग घालवतो.

रंग बिघडण्याची इतरही कारणे आहेत. क्षपणकारक शर्करा रसातील अमिनो आम्लांशी संयोग पावूनही तपकिरी रंग देते. जाळ फार झाला तर पाक करपतो. पण या सर्वांत क्षपणकारक शर्करा जितकी कमी, तितका धोका कमी, हे सूत्र कायम आहे. म्हणजे आम्लाच्या बाजूला सुक्रोज फुटण्याची भीती आणि विम्लाच्या बाजूला फुटलेली साखर काळवंडण्याची भीती. कुशल गुळव्या या दोहोंच्या मधली वाट धरतो.

गूळ उत्पादकांनी घ्यावयाची काळजी

१) ऊस पक्व झाल्यावरच तोडावा. हात रिफ्रॅक्टोमीटरने बुडख्याकडील आणि शेंड्याकडील रसाचे ब्रिक्स पाहावे. दोन्ही वाचने जवळजवळ सारखी आली म्हणजे ऊस पक्व समजावा. ब्रिक्समध्ये विरघळलेले सर्वच पदार्थ मोजले जातात. सुक्रोज किती आणि क्षपणकारक शर्करा किती, हे ब्रिक्सवरून कळत नाही. म्हणून केवळ एका वाचनावर विसंबू नये.

२) नत्र खताचा शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीच्या वेळीच संपवावा. उशिरा दिलेल्या नत्राने ऊस हिरवा व कोवळा राहतो आणि रसात क्षपणकारक शर्करा वाढते.

३) वाढे आणि शेंड्याकडील कोवळ्या कांड्या काढून टाकाव्यात. कीडग्रस्त, लोळलेला व पांगशा फुटलेला ऊस गुळासाठी वेगळा काढावा.

४) तोडलेला ऊस शक्यतो त्याच दिवशी गाळावा. तोडणीनंतरही उसात विकराचे काम चालूच असते आणि उन्हात ते अधिक वेगाने होते. गाळलेला रसही साठवून ठेवू नये, लगेच काहिलीत घ्यावा. चरक, टाकी व काहील रोज धुवावी.

५) चुन्याची निवळी अंदाजाने ओतू नये. सामू दर्शक कागद स्वस्त असतो. रसाचा सामू सुमारे ६.० ते ६.४ इतका होईपर्यंतच निवळी थोडी थोडी घालावी. सामू ७ च्या पुढे जाऊ देऊ नये. निवळी वरची नितळ घ्यावी, चुन्याचा गाळ रसात जाऊ देऊ नये.

६) मळी काढण्यासाठी भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरावा. मळी पूर्ण निघाल्यावर जाळ वाढवावा, म्हणजे रस फार काळ शिजत राहत नाही.

७) काकवीसाठी पाक सुमारे १०५ ते १०६ अंश सेल्सिअस तापमानास उतरवावा. गुळासाठी सुमारे ११६ ते ११८ अंशांवर काहील उतरवावी. गुळव्याची थंड पाण्यातील गोळीची परीक्षा उत्तमच आहे, तिच्या जोडीला तापमापक ठेवल्यास घाण्यागणिक प्रत सारखी येते.

८) रंग उजळण्यासाठी हायड्रॉस पावडर वापरू नये. त्याने रंग तात्पुरता फिका होतो, साठवणीत गूळ पुन्हा काळवंडतो आणि गुळात गंधकाचा अंश राहतो.

अहवाल कसा वाचावा?

प्रयोगशाळेत गुळाचे द्रावण फेहलिंगच्या मोजलेल्या द्रावणात थेंबाथेंबाने सोडतात आणि निळा रंग केव्हा जातो ते पाहतात. यावरून मूळची क्षपणकारक शर्करा कळते. नंतर आम्लाने सर्व सुक्रोज फोडून पुन्हा मोजणी करतात. त्यातून एकूण शर्करा मिळते. दोहोंतील फरकाला ०.९५ ने गुणले की सुक्रोजचे प्रमाण निघते, कारण ३४२ भागिले ३६० म्हणजे ०.९५. समजा, पहिली मोजणी १२ टक्के आणि दुसरी ९२ टक्के आली. फरक ८०. त्याला ०.९५ ने गुणता सुक्रोज ७६ टक्के. असा गूळ खाण्यास चांगला असला तरी पावसाळाभर साठवण्यास जोखमीचा समजावा आणि लवकर विकावा.

या मोजणीत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही एकत्र धरल्या जातात, कारण विम्ल द्रावणात दोघीही क्षपण करतात. कोणती किती, हे तिच्यावरून कळत नाही. त्याचप्रमाणे मधात साखर फोडून केलेला पाक मिसळला असेल तर तोही फेहलिंगला मधासारखाच लाल साका देतो. तेव्हा केवळ या कसोटीवर कोणी 'मध शुद्ध' असा दाखला देत असेल तर तो पुरेसा मानू नये.

थोडक्यात, फलशर्करा कीटोन असूनही क्षपणकारक ठरते ती शेजारच्या हायड्रॉक्सिल गटामुळे आणि विम्ल द्रावणामुळे. परीक्षानळीत हा गुण आपल्याला साखर मोजण्यास उपयोगी पडतो, काहिलीत तोच गुण नुकसान करतो. पक्व ऊस, ताजा रस आणि मोजून घातलेली निवळी या तीन गोष्टी सांभाळल्या तर सुक्रोज फुटणार नाही आणि जी थोडी फुटली असेल ती काळवंडणार नाही. येत्या हंगामात गूळ उत्पादकांनी सामू दर्शक कागदाची एक पट्टी प्रत्येक काहिलीस वापरून पाहावी आणि वापरलेली निवळी, सामू व गुळाचा रंग यांची नोंद वहीत ठेवावी. आपल्या उसाला व जमिनीला योग्य असे निवळीचे प्रमाण त्या नोंदींतूनच ठरवता येईल.